रकाना नववा

कॉलेजातून फॉर्म आलाय. रकाना नववा:
संशोधनाचा प्रभाव, आकड्यांत लिहावा.
जागा दोन बोटांची.
त्यांना वाटलं, शशिकला कुबलबाईंचा शेवटचा विद्यार्थी
उभादांड्याच्या बर्फ कारखान्यात हिशेब लिहितो,
आकड्यांचं तोच बघेल.

बाईंचे निबंध अकरा.
आठ टंकलेले, तीन हाती लिहिलेले,
कारण खाऱ्या हवेत टाइपरायटरचे खिळे अडायचे
आणि बेरजेचं चिन्ह बाई शाईने मागून भरायच्या.
वेंगुर्ल्याहून निबंध पोचायला तीन आठवडे,
नकार यायला वर्ष.

प्रश्न जन्मभर एकच.
परसात माड आहेत ओळीने, सारख्या अंतरावर.
विहिरीच्या खांबाला दोर बांधा, ताणून फिरा.
दोराच्या आत माड किती?
क्षेत्रफळ काढलं की उत्तर जवळपास येतं.
जवळपास.
बाईंचा बाप नारळ द्यायचा शेकड्याक चार वरचे,
फुटका निघेल, वांझा निघेल, म्हणून.
बाई त्या वरच्या चारांपाशी थांबल्या
आणि छत्तीस वर्षं हलल्या नाहीत:
दोर लांबत लांबत क्षितिजापार गेला
तर हे वरचे किती वाढतील?
किती नाही वाढणार, एवढंच सिद्ध करायचं होतं.

एकदा त्यांनी घातांक खाली आणला.
केसाइतका.
त्या दिवशी वर्गात आल्या, फळा पुसला,
हजेरी घेतली आणि म्हणाल्या,
आज पापलेट नेईन म्हणते.

मग सातवा निबंध.
पान चौदावर दोन बेरजांची अदलाबदल केली होती,
आधीची नंतर, नंतरची आधी.
अनंतात असलं दर वेळी खपत नाही.
सहा वर्षं कुणाला दिसलं नव्हतं.
दिसलं ते बाईंनाच, चतुर्थीच्या सुट्टीत, नारळ खवताना.
मला म्हणाल्या, सायकल काढ, पोस्ट बंद होईल.
दीड पानाचं शुद्धिपत्र.
त्यात सबब नव्हती, खेद नव्हता,
फक्त पाय कुठे घसरला ते ठिकाण.

रात्रपाळीत मी संदर्भ मोजले. सत्तेचाळीस.
त्यातले एकतीस त्या दीड पानाचे.
क्राकोवचा कुणी, सेंदाईची कुणी,
त्या घसरलेल्या जागेपाशी थांबले, खाली वाकून पाहिलं,
आणि वळसा घालून पलीकडे गेले.
खाडीच्या तोंडाशी बुडत्या खडकावर
कुणी वासा रोवून ठेवतं, तसं ते दीड पान.
कुणी रोवला, होडीवाले विचारत नाहीत.
सुकाणू तेवढं फिरवतात.

मी दोन वर्षांत सोडलं. पगार हवा होता.
बाई रागावल्या नाहीत. विचारलं,
लादी साच्यातून निघते तेव्हा किती,
गाडीत चढते तेव्हा किती?
मला सांगता आलं नाही.
तेव्हापासून वहीत एक रकाना जास्त आहे: वितळ.
मालक हसतो. त्या रकान्यावर
आजवर एक रुपया मिळालेला नाही.

शेवटच्या वर्षी वादळात परसातला एक माड कलला,
मूळ दोराबाहेर, शेंडा आत.
पाडेल्याचा पोर विचारत होता,
बाई, ह्यो माड आत धरूचो की भायर?
बाई खुर्चीतून बराच वेळ वर बघत राहिल्या.
नियम आधी ठरव, म्हणाल्या. मग मोज.

फॉर्ममध्ये नियम दिलेला नाही.
सत्तेचाळीस लिहितो.
पेन तिथेच थांबतं.
माझा निबंध नाही, संदर्भ नाही, माझं नाव कुठेच नाही,
फक्त इथे, खाली, माहिती भरणाऱ्याची सही.

बाहेर हॉर्न वाजतो. बंदरावरची गाडी.
बावीस लाद्या.
वितळ: अर्धी, थोडी कमी.